शेठजींच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सासूबाई

कापडाच्या पेढीवर थान, म्हणजे कापडाचा तागा, संपत आलं की शेवटी एक तुकडा उरतो. त्यात धड ब्लाऊज बसत नाही आणि तो टाकवतही नाही. मग तो एका पोत्यात जातो. कधीतरी कुणी ते पोतं उघडतं आणि हातातलं काम बाजूला पडून ‘अरे हे बघ, हे बघ’ सुरू होतं. नागपूरला गांधीबागेतल्या ज्या पेढीवर मी बिलं बनवते, तिथले किस्से माझ्याकडे असेच साठलेत. लग्नाला अजून वर्षही झालेलं नाही. पण साताऱ्याला माहेरी आले की मैत्रिणी विचारतात, ‘एवढी गप्प गप्प तू, तिकडे करतेस काय दिवसभर?’

करते काय, ऐकते! गप्प माणसाची ही एक सोय असते. समोरच्यांना वाटतं, ही खोलीत नाहीच.

पेढीवरची माणसं आधी सांगून टाकते. गादीवर शेठजी. त्यांच्या डाव्या हाताला मुनीमजी, शेठजींच्या वडिलांच्या वेळेपासूनचे. टाइपरायटरवर सरोजताई मेश्राम, ज्यांना अख्ख्या गांधीबागेत कुणाची भीती वाटत नाही. आणि कॉम्प्युटरवर वासनिक आणि मी. वासनिक पॉलिटेक्निकचा डिप्लोमावाला. त्याला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं: ‘होऊन जाते ना, मॅडम.’

*

कॉम्प्युटर आला तो आमच्या गल्लीतला पहिलाच. त्याच्यासाठी काचेची केबिन झाली, एसी बसला. माणसांना कूलर आणि मशीनला एसी, हे मुनीमजींना पहिल्या दिवसापासून खटकलं. त्यांनी मॉनिटरला लिंबू-मिरची बांधली. मिरची अर्थातच भिवापुरी, इथली नावाजलेली तिखट. बसवायला आलेल्या इंजिनीअरने ती सोडायला सांगितली आणि वर बजावलं की धूळ चालणार नाही, चपला बाहेर.

चपला बाहेर म्हटल्यावर मुनीमजी एकदम नरमले. जिथे चपला बाहेर, तिथे काहीतरी असणारच! तेव्हापासून ते आत येण्याआधी काचेला हात लावून तो कपाळाला लावतात.

मे महिना लागला तसं सगळ्यांचंच केबिनमध्ये काम निघू लागलं. मुनीमजी तर दुपारचा डबा घेऊनच यायचे. ‘मशीनवर नजर ठेवली पाहिजे,’ म्हणायचे आणि जेवण झाल्यावर भिंतीला टेकून घोरायचे. एकदा सरोजताई काचेतून बराच वेळ बघत होत्या. मला म्हणाल्या, ‘काय वं, ही नजर बंद करूनच ठेवतेत का हे?’

*

आता थोडं घरचं. घराशिवाय पेढीचे किस्से कळायचे नाहीत.

माझ्या सासूबाईंना ऐकू येत नाही. अगदीच नाही असं नाही, पण कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच. मूळच्या भिवापूरकडच्या, तरुणपणी टायफॉइड झाला, तेव्हापासून हे. आणि मी अशी की शाळेत हजेरीला ‘यस सर’ म्हटलं तरी गुरुजी मान वर करून बघायचे, आली आहे की नाही. सक्करदऱ्याच्या दोन खोल्यांत आम्हा दोघींची अशी गाठ पडली.

आमचे हे कळमेश्वरच्या कारखान्यात. सकाळीच निघतात, संध्याकाळी येतात. आईंशी ते ओरडून बोलतात. म्हणजे घरात खाजगी असं काही उरतच नाही. मला एकदा बरं नव्हतं, तर यांनी आईंना सांगितलं, ‘तिचं पोट बिघडलं!’ आणि पलीकडच्या बिऱ्हाडातून माझ्यासाठी ओव्याची पुडी आली.

मी कशी ओरडणार? नव्या सुनेनं सासूवर ओरडायचं, तेही खिडकी उघडी असताना? मी खुणा करायचे. चहाला अंगठा तोंडाशी, जेवणाला पाची बोटं. लाइट गेली तर बोट वर. बाकी सगळं पोटात. पोटात मावेनासं झालं की चुलीजवळ उभी राहून कढईशी बोलायचे. कढई ऐकून घेते आणि कुणाला सांगत नाही.

एकदा मी चहा घेऊन बाहेर गेले तर आई शेजारच्या काकूंना माझ्याबद्दल सांगत होत्या. ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे, ते कळत नाही. ‘पोरगी गुणाची हाये,’ त्या म्हणाल्या, ‘पण बोलतच नाही वं. मुकी हाये का काय माहीत.’

मी चहा ठेवला आणि आत जाऊन कढईला सांगितलं.

*

कानाचं यंत्र नव्हतं असं नाही. यांनी पहिल्या पगारात घेतलं होतं. आई ते घालून एका लग्नाला गेल्या आणि घरी येऊन त्यांनी ते तांदळाच्या डब्यात ठेवून दिलं. यांनी विचारलं तर म्हणाल्या, ‘ते घातलं का लोकायले समजते ना, मी बहिरी आहो म्हून.’

मग दिवाळीला अमेरिकेतल्या माझ्या नणंदेच्या यजमानांनी त्यांचा वापरून झालेला वॉकमन पाठवला. कानाला लावायचा टेप. सोबत पुन्हापुन्हा भरता येणारे दोन पेन्सिल सेल आणि ते भरायचा चार्जर. कुणाला पाठवला ते काही लिहिलेलं नव्हतं. यांना वाटलं यांच्यासाठी. पण आईंनी हेडफोन डोक्याला लावून आवाज पूर्ण वर केला, त्यांना भजन ऐकू आलं, आणि विषय संपला. तांदळाच्या डब्यातल्या यंत्राने त्या बहिऱ्या ठरत होत्या. हेडफोनने गल्लीत त्यांची ‘अमेरिकेवाली आजी’ झाली.

त्या टेपला वरच्या बाजूला एक नारिंगी बटण होतं. कशाचं, ते आम्हाला माहीत नव्हतं. एके दिवशी संध्याकाळी आई हेडफोन लावून स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसल्या होत्या आणि मी कढईशी बोलत होते. साताऱ्याकडे आम्ही काही अळणी खात नाही, पण इथलं तिखट म्हणजे! मी म्हणत होते, ‘आज परत तेवढंच तिखट. एवढं खाऊन ही माणसं चालतात बोलतात कशी, देवाला माहीत.’

मागून आवाज आला, ‘मंग कमी टाक ना वं. कोनं धरला तुया हात?’

माझ्या हातातलं उलथनं पडलं. आईंचं बोट त्या नारिंगी बटणावर होतं. त्यांनी ते उचललं, बटणाकडे पाहिलं, पुन्हा ठेवलं. ते बटण दाबलं की गाणं दबायचं आणि समोरच्याचं बोलणं कानात मोठं होऊन यायचं. गाणं ऐकणाऱ्याशी कुणाला दोन शब्द बोलता यावेत म्हणून केलेली सोय असणार. ज्याने केली त्याला भिवापूर कुठे आहे ते माहीत नसेल, पण त्याचं भलं होवो.

मी विचारलं, ‘आई, चहा ठेवू?’

‘अर्धा कप,’ आई म्हणाल्या.

लग्नानंतरचं आमचं दोघींचं पहिलं बोलणं ते. चहा होईपर्यंत आम्ही यांच्याविषयीच्या तक्रारींवर आलो होतो.

*

पण त्या बटणाची एक अडचण होती. टेप फिरत असेल तरच ते चालायचं. म्हणजे आम्ही जेवढं बोलणार तेवढे सेल जाणार. आणि आम्ही पुष्कळ बोलायला लागलो होतो. आई मला सांगायच्या, त्या सून होऊन आल्या तेव्हा कुठे लपून रडायच्या. मी त्यांना सांगायचे, मी कुठे रडते. दोघींची जागा एकच निघाली, मोरी.

सेल भरायचं म्हणाल तर अमेरिकेच्या चार्जरचं काय झालं ते ऐका. यांनी तो पहिल्याच दिवशी भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसला. अमेरिकेतली वीज आपल्यापेक्षा निम्म्या जोराची असते, हे यांना माहीत होतं. माहीत होतं हे त्यांनी धूर निघाल्यावर सांगितलं.

साधे सेल आणले तर दोन दिवसांत मंदावायचे, भजन म्हणणारा झोपेत म्हणतोय असं वाटायचं. आई ते पत्र्यावर उन्हात ठेवून बघायच्या. सीताबर्डीच्या दुकानदाराने सांगितलं, असला चार्जर मुंबईहून मागवावा लागेल, आणि नंतर प्रत्येक वेळी तेच सांगितलं.

पेढीवर मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण सरोजताईंनी विचारलं, ‘तू हल्ली हसून राह्यली काहून?’ आणि मी सांगून टाकलं. त्यांनी वासनिकला हाक मारली. वासनिकने ते अमेरिकेचे सेल उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, ‘होऊन जाते ना, मॅडम.’

शेठजी जेवायला गेले तेव्हा त्याने कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत पुढेमागे लागेल म्हणून सोडून ठेवलेल्या वायरी होत्या. त्यातली एक लाल आणि एक काळी त्याने बाहेर काढली, मध्ये टॉर्चचा बल्ब जोडला आणि टोकाला सेल. ‘बल्ब मधात टाकला का सेलले जास्त करंट जात नाही. मॅडम, हे कोणत्याच पुस्तकात नाही.’ पुस्तकात नाही म्हटल्यावर मी काचेतून गादीकडे बघून घेतलं. नोकरी नवी, मशीन शेठजींच्या जिवापलीकडचं. पण प्रिंटरच्या मागे तो बल्ब लागला, अगदी मिणमिणता, आणि मॉनिटरवर बिलं चालूच राहिली.

त्या दिवसापासून रोज सकाळी मी डब्यासोबत सेल घेऊन निघायचे आणि संध्याकाळी रुमालात बांधून परत न्यायचे. आई दारातच उभ्या असायच्या. सुनेची वाट बघणाऱ्या सासवा मी ऐकल्या आहेत. माझ्या सासूबाई सेलची वाट बघायच्या. मी त्याच रिक्षाने यायचे.

सरोजताई म्हणाल्या, ‘म्हंजे तुयी सासू शेठजींच्या कॉम्प्युटरवर चालते म्हण की.’

*

असली गोष्ट लपत नाही, कारण ती सरोजताईंना माहीत होती. आठवड्याभरात त्याच आपल्या ट्रान्झिस्टरचे सेल घेऊन आल्या. वासनिकने समजावलं की हे साधे सेल आहेत, हे भरत नसतात, फुटतात. सरोजताईंनी कमरेवर हात ठेवला. ‘मॅडमचे होतेत, माझे काहून नाही होत? माझे सेल काय परके हायेत?’

वासनिककडे याचं उत्तर होतं, पण ते सरोजताईंना देण्याची हिंमत नव्हती. त्याने सेल लावले. संध्याकाळपर्यंत ते फुगले आणि त्यांच्यातून पिवळट-तपकिरी काहीतरी गळून प्रिंटरच्या मागे ठेवलेल्या कोऱ्या बिलांच्या गठ्ठ्यात उतरलं. नेमकं एका कोपऱ्यात. आम्ही पुसलं, पण कागदाने ते पिऊन टाकलं होतं.

त्यातली बिलं गावोगाव गेली. काही दिवसांनी भंडाऱ्याचे एक जुने गिऱ्हाईक पेढीवर आले. गादीवर बसल्या बसल्या त्यांनी हसून शेठजींचा हात हातात घेतला आणि अभिनंदन केलं. शेठजींना कळेना. गिऱ्हाईक म्हणाले, ‘कोपऱ्याला हळद लावून कागद आला, म्हटलं घरी लग्न निघालं. आत पाहिलं तर बिल! मंग लग्न कोणाकडं?’

शेठजी उठले, केबिनमध्ये आले, गठ्ठा उचलला आणि गठ्ठ्यामागे त्यांना बल्ब दिसला. मिणमिणता. आज त्यावर माझे सेल होते.

शेठजी ओरडत नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी वायरीवरून बोट फिरवत नेलं, थेट मशीनच्या पोटापर्यंत, आणि मुनीमजींकडे पाहिलं. मुनीमजी याच दिवसाची वाट बघत असावेत. ते म्हणाले, या मशीनच्या डोक्यात आपली सगळी गिऱ्हाइकं आहेत. त्यातून रोज थोडं थोडं बाहेर काढलं तर आत उरणार काय? मागच्या आठवड्यात उमरेडच्या गिऱ्हाइकाचं नावच त्याला आठवेना, ते उगाच नाही.

ते नाव मशीन विसरलं नव्हतं, वासनिकने पुसलं होतं. पण हे सांगायची ही वेळ नव्हती. वासनिक शेठजींना धीर द्यायला पुढे झाला.

‘शेठजी, सेल भरल्यानं मेमरी कमी होत नसते,’ तो म्हणाला. ‘मेमरीचं काय, लाइट गेली का ती तशीही जातेच.’

शेठजी खुर्चीवर बसले. त्यांनी पाणी मागितलं.

वासनिक त्याचा अर्थ पुढे अर्धा तास समजावत होता, गिऱ्हाइकं सगळी हिच्यावर जपलेली आहेत म्हणून फ्लॉपी दाखवत होता, पण जे कानावर पडायचं ते पडून गेलं होतं. शेठजींनी वायर स्वतःच्या हाताने गुंडाळली आणि गल्ल्यात ठेवली. यापुढे मशीनमधून बाहेर येईल तो फक्त कागद, असं त्यांनी सांगितलं. मला कामावरून काढलं नाही, एक शब्द लावून बोलले नाहीत, हे मी विसरणार नाही. सरोजताई मध्ये पडल्या, ‘सासूसाठी हाये तिच्या,’ तर ते एवढंच म्हणाले की गाणी ऐकायला घरी रेडिओ असेल.

गाणी नाहीत, असं मला सांगायचं होतं. सगळे थांबले होते, म्हणजे सांगायला जागाही होती. माझा आवाज काही निघाला नाही. निघाला असता तरी एसीच्या घरघरीत कुणाला ऐकू गेला असता, कोण जाणे.

*

त्या संध्याकाळी मी दारात रुमाल उघडून दाखवला. शेठजींनी काढून परत दिलेले, अर्धवट भरलेले सेल. आणि हाताने खूण केली: संपलं.

आईंनी ते सेल टेपात घातले आणि दिवसभर टेप बंद ठेवायला सुरुवात केली. भजनही नाही. मी पेढीवरून आले की एकदाच लावायच्या, बटण दाबायच्या आणि विचारायच्या, ‘जेवली का दुपारी?’

मी म्हणायचे, ‘हो.’

त्या बटण सोडून टेप बंद करायच्या. बाकी मग खुणा. चहाला अंगठा, जेवणाला पाच बोटं. मी परत कढईशी बोलायला लागले, पण आता कढईला काही सांगण्यात मजा राहिली नव्हती.

काय झालं ते आईंना नीट सांगायचं काम यांच्याकडे आलं. यांनी ते सांगितलं, आपल्या पद्धतीने. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेल्या बाईंनी मला विचारलं, ‘शेठजीनं वायर काढून घेतली म्हणे?’

*

आता त्या शनिवारचं सांगते.

दुपारी मी बिलं घेऊन केबिनमधून बाहेर आले तर आई गादीसमोर बसलेल्या. डोक्यावरून पदर, हातात पिशवी. गादीच्या खोळीचं कापड घ्यायला आल्या होत्या. आमच्या घराजवळ कापडाची दुकानं आहेत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि समोरच्या थानांवरून हात फिरवत राहिल्या.

सरोजताई शेठजींच्या कानाशी लागल्या आणि त्यांनी सांगितलं, मॅडमच्या सासूबाई आहेत, त्यांना ऐकू येत नाही. शेठजींनी वाकून नमस्कार केला आणि मुनीमजींना चांगलं कापड दाखवायला खुणावलं.

शेजारी मुनीमजींनीही ते ऐकलं होतं. त्यांना वाटलं, ऐकू येत नाही म्हणजे कुजबुजायचं कारण नाही. तरी जन्माची सवय, म्हणून ते हळूच म्हणाले की गोदामात पावसाने भिजलेलं थान पडून आहे, तेच काढू या का. वरून काही समजत नाही.

शेठजी काही म्हणायच्या आत आई म्हणाल्या, ‘भिजलेलं नको. कोरडं दाखवा.’

मान खालीच. बोटं कापडावर.

वासनिक केबिनच्या दारात येऊन उभा राहिला. शेठजींनी सरोजताईंकडे पाहिलं. ‘तुम्ही तर म्हणाल्या, यांना ऐकू येत नाही.’

‘नाही येत,’ आईच म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे घेतला. पदराखाली हेडफोन होता. पिशवीतून टेप काढून त्यांनी गादीवर शेठजींसमोर ठेवला. बोट बटणावरच. ‘हे दाबलं का येते. तुमचे मुनीमजी हळू बोलतेत, पण साफ बोलतेत.’

मुनीमजींनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आईंनी शेठजींना सांगितलं की याच्यात सेल लागतात, आणि ते सेल तुमच्या मशीनवर भरायचे, आता भरत नाहीत. शेठजी खरंच ओशाळले. म्हणाले, ‘माँजी, मला वाटलं गाणी ऐकायला पाहिजे.’

‘गाणे त म्या लय ऐकले, कान होते तवा,’ आई म्हणाल्या. ‘हिचं बोलणं नव्हतं ऐकलं.’

शेठजी त्यावर बरंच काही बोलले. आपल्याला माहीत नव्हतं, कुणी सांगितलं नाही, त्यांची स्वतःची आईही शेवटी शेवटी अशीच होती, तिच्याशी बोलायचं राहून गेलं. मी त्यांना इतकं बोलताना कधी पाहिलं नव्हतं. आणि ते बोलत असतानाच टेपातलं चाक मंदावलं आणि थांबलं. आईंनी बटण दाबून पाहिलं, पुन्हा दाबलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, ‘काय म्हणून राह्यले?’

माझ्याकडे त्याला खूण नव्हती.

शेठजींनी आमच्याकडे पाहिलं, गल्ला उघडला, गुंडाळलेली वायर काढली आणि वासनिकच्या हातात दिली. मुनीमजी हळूच म्हणाले, ‘पण मेमरी…’

‘जाऊ द्या,’ शेठजी म्हणाले.

सेल भरायला वेळ लागतो. आईंना केबिनमध्ये बसवलं. बल्ब दिसेल अशा बाजूला त्यांनी खुर्ची वळवून घेतली आणि चुलीवरच्या दुधाकडे बघावं तशा बघत राहिल्या. सरोजताईंनी चहा दिला. मुनीमजी स्वतः कोरडं थान घेऊन आले, खोळीचं कापड मापापेक्षा हातभर जास्त फाडलं आणि घडी करून पिशवीत ठेवलं. मी शेजारी बसून बिलं बनवत होते. मधूनच वाटायचं, आता हे सांगू, ते सांगू. इतक्या दिवसांचं साठलं होतं. मनातल्या मनात मी त्याची रांग लावून ठेवली.

पेढी बंद व्हायच्या वेळेला वासनिकने सेल काढून दिले. ते अजून कोमट होते. आईंनी ते टेपात घातले, हेडफोन नीट बसवला, बटण दाबलं आणि माझ्याकडे पाहिलं.

‘हं,’ त्या म्हणाल्या. ‘सांग.’

शेठजी बघत होते. मुनीमजी, सरोजताई, वासनिक, सगळे बघत होते. आणि माझी रांगच नाहीशी झाली. एकही शब्द आठवेना.

‘काही नाही, आई,’ मी म्हणाले.

‘काहीच नाही?’

‘नाही.’

‘राहू दे मंग,’ आई म्हणाल्या. ‘तेवढेच सेल वाचले.’

आम्ही रिक्षात बसलो. मी वाट बघत होते की त्या आता टेप बंद करून पिशवीत ठेवतील. गांधीबाग मागे पडली, रस्त्यावर दिवे लागले, सक्करदऱ्याचा चौक आला. आम्ही दोघीही काही बोललो नाही. आणि घर येईपर्यंत आईंनी बटणावरचं बोट काढलं नाही.